फुकटची टपालपेटी आणि व्यापाऱ्याचे दप्तर: वेब-ईमेल सेवांचे परीक्षण

खानदेशातील व्यापाराचा रोजचा बोलव्यवहार आता जवळपास सगळा व्हॉट्सॲपवर गेला आहे. केळीचा भाव, ट्रकचा क्रमांक, काट्याच्या पावतीचा फोटो, डाळीच्या नमुन्याचे छायाचित्र हे सारे तिथेच फिरते, आणि ईमेल ही शहरातल्या नोकरदारांची गरज आहे असा समज बाजारात सर्रास आढळतो. प्रत्यक्षात जीएसटीची नोंदणी, आयकराचे विवरणपत्र, बँकेचा खातेउतारा, निर्यातीची कागदपत्रे आणि मुलांच्या प्रवेशपरीक्षांचे अर्ज यांतील बहुतेक कामे मेल आयडीवाचून पुढे सरकत नाहीत. ज्या गोष्टीवर इतके अवलंबून आहे ती निवडताना मात्र आपण विहिरीवरची मोटार घेताना करतो तेवढीही चौकशी करत नाही. मोबाइल विकणाऱ्याने जे खाते उघडून दिले ते आपले, एवढ्यावर विषय संपतो.

हे परीक्षण कोणाच्या नजरेतून केले आहे, ते आधी सांगितले पाहिजे. जळगावातील एका छोट्या व्यापारी कार्यालयाचा पत्रव्यवहार आणि कराची कागदपत्रे सांभाळणे हे माझे काम आहे. कार्यालयात मोजकी माणसे आहेत, संगणकाचा जाणकार कोणी नाही, आणि बिघाड झाला की गोलाणी मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्याला फोन करावा लागतो. मोठ्या कंपन्यांच्या गरजा निराळ्या असतात आणि त्यांच्याविषयी येथे काहीही म्हणायचे नाही. ज्या सेवा ब्राउझर उघडून वापरता येतात, म्हणजे जीमेल, आउटलुक, याहू, रेडिफमेल, झोहो आणि प्रोटॉन, त्या अशा छोट्या कार्यालयाला कितपत उपयोगी पडतात, एवढाच प्रश्न आहे.

या सेवांचे मोल कळण्यासाठी त्यांच्या आधीची रीत आठवावी लागते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ईमेल एका ठरावीक संगणकावर उतरवून घ्यावे लागत असे. त्यासाठी संगणकात वेगळा प्रोग्रॅम असे, आणि बहुतेक वेळा पत्र उतरले की सर्व्हरवरची, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावरची, प्रत पुसली जाई. परिणामी सगळा पत्रव्यवहार त्या एका यंत्राच्या पोटात राही, आणि यंत्र बिघडले की तोही जाई. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि विजेचा दाब वर-खाली होत राहतो, त्यामुळे येथे हार्ड डिस्क जळणे ही काही अपूर्वाईची घटना नव्हती. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले तेव्हा पत्र यंत्रात न उतरवता ब्राउझरमध्येच वाचण्याची सोय झाली, आणि वर्ष-दीड वर्षातच मायक्रोसॉफ्टने ती सेवा विकत घेतली. त्या काळी फुकट मिळणारी जागा अवघी २ एमबी होती. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने जीमेलवर १ जीबी जागा देऊ केली, तेव्हा तारीख पाहून अनेकांना ती थट्टाच वाटली होती.

पत्र यंत्राला बांधलेले नसणे हा या सेवांचा पहिला आणि आजही सर्वांत मोठा गुण आहे. रावेर-सावद्याकडून आखातात केळी पाठवणाऱ्याचे काम पाहिले तर हे चटकन लक्षात येते. माल पॅकहाउसमध्ये असतो, मालक बागेत असतो, कागदपत्रे करणारा न्हावा शेवा बंदराजवळ बसलेला असतो आणि खरेदीदार समुद्रापलीकडे असतो. बीजक, पॅकिंग लिस्ट, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र आणि जहाजाचे बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याची पावती) यांत एखाद्या नावाचे स्पेलिंग किंवा वजनाचा आकडा जुळला नाही, तर कंटेनर बंदरात अडकतो, आणि केळी वाट पाहत थांबत नाही. अशा वेळी मसुदा बागेतच फोनवर उघडून तपासता येणे, दुरुस्ती कळवता येणे आणि तेच पत्र संध्याकाळी कार्यालयातील संगणकावर छापता येणे ही सोय जुन्या पद्धतीत नव्हती. हेच काम व्हॉट्सॲपवर होते असे कोणी म्हणेल, आणि होतेही. परंतु कोणत्या तारखेला कोणता मसुदा गेला, त्यावर कोणी होकार दिला आणि शेवटचा मसुदा कोणता, याचा माग सहा महिन्यांनी काढायची वेळ येते तेव्हा ईमेलची साखळी एका जागी सापडते आणि गप्पांच्या प्रवाहात वाहून गेलेली फाइल सापडत नाही.

शोधण्याची सोय हा दुसरा गुण, आणि त्याचे कौतुक पुरेसे होत नाही. जीमेलच्या शोधपेटीत पाठवणाऱ्याचे नाव, वर्ष किंवा फाइलचा प्रकार घालून दहा वर्षांपूर्वीचे पत्र क्षणात काढता येते. मराठीतून शोधही व्यवस्थित लागतो, मात्र मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व यंत्रांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, टंकलेला असला पाहिजे. आपल्याकडील अनेक कार्यालयांत आणि छापखान्यांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेखन चालते, आणि तो मजकूर ईमेलमध्ये चिकटवला की समोरच्याला अक्षरांऐवजी खुणांचा कचरा दिसतो. दोष ईमेल सेवेचा नाही, पण शिव्या तिलाच बसतात.

पाठवलेले पत्र परत घेण्याची सोय किरकोळ वाटते, पण जीमेलमध्ये तिची मुदत जरूर वाढवून घ्यावी. सेटिंगमध्ये ही मुदत ५ सेकंदांपासून ३० सेकंदांपर्यंत ठेवता येते, आणि ३० सेकंद ठेवल्यास चुकीच्या माणसाला गेलेले दरपत्रक अडवण्यापुरता वेळ मिळतो.

आता उणिवांकडे वळतो, आणि त्यांत जागेचा प्रश्न सर्वांत आधी घेतला पाहिजे, कारण आमच्या भागात ईमेल बंद पडण्याचे ते सर्वांत नेहमीचे कारण असावे असे माझे मत झाले आहे. गूगल फुकट देते ती १५ जीबी जागा एकट्या ईमेलची नसते. २०१३ पासून ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांच्यात वाटली गेली आहे; १ जून २०२१ पासून फोटो पूर्वीसारखे मोजणीबाहेर राहत नाहीत; आणि अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता त्याच जागेत धरला जातो. म्हणजे पुतण्याच्या लग्नाचे चित्रीकरण, रोज सकाळी येणारी सुप्रभाताची चित्रे आणि नातेवाइकांच्या गटातले व्हिडिओ हे सगळे त्याच कोठारात जाऊन पडतात, ज्यात खरेदीदाराचे पत्र यायचे असते. कोठार भरले की जीमेल नवी पत्रे घेणे थांबवते आणि पाठवणाऱ्याला पत्र परत जाते. खातेदाराला सूचना दिलेली असते, परंतु ती इंग्रजीत असते किंवा जाहिरात समजून सरकवली जाते. व्यापारी म्हणतो, ‘पंधरा दिवसांपासून मेलच नाही, धंदा मंदा दिसतो,’ आणि तिकडे खरेदीदाराने दुसरा पुरवठादार गाठलेला असतो. यावर उपाय सोपा आहे: धंद्याचे खाते आणि फोनचे घरगुती खाते वेगळे ठेवावे, आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घरगुती खात्यावर वळवावा. आउटलुकवर ईमेलसाठी १५ जीबी जागा धरली जाते आणि फाइलींच्या साठ्यासाठी ५ जीबी फुकट मिळतात, पण २०२३ पासून ईमेलची जोडपत्रे त्या ५ जीबीतही मोजली जातात, त्यामुळे तिथेही लक्ष ठेवावे लागते.

जोडपत्राच्या आकाराची मर्यादा जीमेल आणि याहूवर २५ एमबी आहे. स्कॅन केलेला सातबारा किंवा करार यापेक्षा क्वचितच मोठा असतो, तरी मोबाइलने काढलेल्या फोटोंची जाडजूड पीडीएफ बनवणाऱ्यांना ती आडवी येते. जोडपत्र पाठवताना त्याचे अक्षरांत रूपांतर होऊन आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, म्हणून मर्यादेच्या काठावरची फाइल समोरच्या सर्व्हरकडून नाकारली जाऊ शकते.

यापेक्षा कितीतरी गंभीर प्रश्न आहे तो खाते नेमके कोणाचे हा. तालुक्याच्या गावी अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत, झेरॉक्सच्या टपऱ्यांवर आणि काही करसल्लागारांच्या कार्यालयांतही ग्राहकासाठी खाते दुकानदारच उघडतो, पासवर्ड त्याच्या वहीत राहतो आणि परत मिळवण्यासाठीचा मोबाइल क्रमांकही त्याचाच असतो. कधी तर वेगळे खाते उघडण्याचीही तसदी घेतली जात नाही आणि कित्येक ग्राहकांच्या नोंदणीत एकच पत्ता घातला जातो. विद्यार्थ्याचे यात हॉलतिकीट अडकते; व्यापाऱ्याचे यात बरेच अधिक अडकते. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ च्या कलम १६९ मध्ये नोटीस बजावण्याच्या ज्या पद्धती मान्य केल्या आहेत, त्यांत नोंदणीच्या वेळी दिलेल्या ईमेल पत्त्यावर पाठवलेला संदेश ही एक आहे. म्हणजे जी पेटी तुम्ही कधी उघडलीच नाही, तिच्यात पडलेली नोटीस तुम्हाला पोहोचली असे धरले जाऊ शकते आणि उत्तराची मुदत चालू होते. सल्लागार बदलला, त्याच्याशी बिनसले किंवा तो माणूसच गेला, की व्यापाऱ्याला आपल्याच पेटीची किल्ली मागत फिरावे लागते. वेब-ईमेल सेवा इतक्या सहज खाते उघडून देतात याचीच ही दुसरी बाजू आहे. तेथे ओळखपत्र मागितले जात नाही, त्यामुळे खाते कोणाचे हे पुढे सिद्ध करण्यालाही कागद नसतो.

येथूनच या सेवांची सर्वांत मोठी उणीव सुरू होते: त्यांना खिडकी नाही. बँकेत जाऊन व्यवस्थापकाला भेटता येते, टपाल कार्यालयात तक्रार अर्ज देता येतो, परंतु फुकट ईमेल खाते अडकले तर जळगाव-धुळ्यातच काय, मुंबईतही ते सोडवून देणारा माणूस भेटत नाही. पडद्यावर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे यंत्राला पटली तर खाते मिळते, नाही तर नाही. माझ्या माहितीतील एका व्यापाऱ्याचे जुने खाते फोन आणि सिमकार्ड दोन्ही एकदम गेल्यामुळे बंद पडले. पासवर्ड बरोबर असूनही नव्या यंत्रावरून आत शिरताना सेवेने जुन्या क्रमांकावर ओटीपी पाठवण्याचा हट्ट धरला, आणि तो क्रमांक आता त्यांच्याकडे नव्हता. आपल्या देशात बंद झालेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो, हे ध्यानात घेतले तर धोका दुहेरी आहे: तुमचा ओटीपी तुम्हाला मिळत नाही, आणि तो अनोळखी माणसाला मिळू शकतो. क्रमांक बदलण्यापूर्वी खात्यातील क्रमांक बदलणे आणि सेवेने दिलेले राखीव कोड कागदावर छापून तिजोरीत ठेवणे हा कंटाळवाणा खटाटोप टाळता येण्यासारखा नाही. शिवाय दोन वर्षे अजिबात न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे, त्यामुळे केवळ कराच्या नोंदणीपुरते उघडून विसरलेले खाते कायमचे नाहीसे होऊ शकते.

फुकट मिळणारी सोय केव्हाही काढून घेतली जाऊ शकते, याची उदाहरणे कमी नाहीत. इंडियाटाइम्सची ईमेल सेवा २०१३ मध्ये बंद झाली. याहूने आलेले पत्र आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याची सोय फुकट खातेदारांसाठी २०२१ च्या सुरुवातीला काढून घेतली. आमच्या भागाला सर्वांत जास्त जाणवलेला बदल मात्र तितकासा गाजला नाही: मंद इंटरनेटवरही उघडणारे जीमेलचे साधे, बिनसजावटीचे रूप २०२४ च्या सुरुवातीला बंद झाले. शहरात त्याची कोणाला आठवणही नसेल, परंतु अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगराळ पट्ट्यात, जिथे रेंज मिळवायला टेकडीवर जावे लागते, तिथल्या शाळेच्या किंवा आश्रमशाळेच्या कार्यालयाला तेच रूप चालत होते. नेट गेले की ब्राउझरमधले ईमेलही गेले, ही उणीव मूळचीच आहे. क्रोम ब्राउझरमध्ये जीमेलची ऑफलाइन सोय आधीच सुरू करून ठेवली असेल तर मागची पत्रे वाचता येतात आणि लिहिलेले उत्तर नेट आल्यावर जाते, पण ही सोय मुद्दाम सुरू करावी लागते आणि बहुतेकांना तिचा पत्ता नसतो.

गोपनीयतेविषयी बाजारात दोन टोकाची मते ऐकू येतात: एक, कंपनी सगळे वाचते, दुसरे, आमच्या तूरडाळीच्या भावात कोणाला रस असणार. दोन्ही मते अर्धवट आहेत. जाहिराती दाखवण्यासाठी पत्रांतील मजकूर चाळणे थांबवत असल्याचे गूगलने २०१७ मध्ये जाहीर केले. मात्र स्पॅम, म्हणजे नकोशी आणि फसवी पत्रे, ओळखण्यासाठी आणि नव्या सोयींसाठी कंपनीचे संगणक मजकूर हाताळतातच, आणि पेटीत जाहिरातीही दिसतात. कंपनीने डोकावण्यापेक्षा चोराने डोकावण्याचा धोका व्यवहारात मोठा आहे. याहूवर २०१३ साली पडलेल्या दरोड्यात तेव्हाच्या सर्व, म्हणजे ३०० कोटी खात्यांची माहिती गेली होती आणि हा पूर्ण आकडा बाहेर यायला २०१७ उजाडले. आपल्याकडे मात्र चोरी बहुधा इतक्या मोठ्या वाटेने होत नाही. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या कार्यालयात खाते उघडून तसेच ठेवलेले असते. जीमेलच्या पडद्यावर अगदी खाली उजवीकडे शेवटच्या वापराची नोंद असते, तिचा तपशील उघडला की खाते कोठे कोठे चालू आहे ते दिसते आणि इतर सर्व ठिकाणांहून एकदम बाहेर पडता येते. निर्यात करणाऱ्यांनी आणखी एक सावधगिरी बाळगावी: ‘आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे’ असे पत्र ओळखीच्या नावाने आले तरी फोनवर खात्री केल्याशिवाय पैसे पाठवू नयेत, कारण पत्त्यातील एखादे अक्षर बदलून केलेली ही फसवणूक कोणतीच स्पॅमची चाळणी हमखास पकडत नाही.

उलट बाजूने ती चाळणी कामाची पत्रेही बाजूला टाकते. जीमेल स्पॅममधील पत्रे ३० दिवसांनी पुसते, तेव्हा आठवड्यातून एकदा तो कप्पा उघडणे हे कार्यालयातल्या कोणाचे तरी ठरलेले काम असावे.

आता एकेका सेवेविषयी माझे मत. एकट्या माणसासाठी आणि विद्यार्थ्यासाठी जीमेल उत्तम आहे. शोध, स्पॅमची चाळणी आणि मराठी पडदा या तिन्ही बाबतींत त्यात खोट काढावी असे फारसे नाही. आउटलुक दिसायला जरा दाटीवाटीचे आहे, पण एक्सेल आणि वर्डवर ज्यांचे दिवस जातात त्यांना ते सोयीचे पडते. याहूकडे नव्याने जाण्याचे कारण मला दिसत नाही. रेडिफमेलचा पत्ता आजही आमच्या भागातील कित्येक जुन्या पेढ्यांच्या बिलबुकांवर छापलेला आढळतो, आणि १९९६ साली मुंबईत सुरू झालेल्या या कंपनीने अनेकांना पहिला ईमेल पत्ता दिला हे खरे आहे. जुने ग्राहक त्या पत्त्यावर येत असतील तर तो जिवंत ठेवावा, नवे काम मात्र त्यावर घेऊ नये. प्रोटॉन ही स्वित्झर्लंडची सेवा पत्रे अशी कुलूपबंद ठेवते की कंपनीलाही ती वाचता येत नाहीत, परंतु त्याच कारणाने पासवर्ड विसरला आणि खाते परत मिळवण्यासाठी दिलेली राखीव शब्दावली जपली नसेल तर जुनी पत्रे कायमची बंद होतात. ज्या बाजारात पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिला जातो, तिथे ती सेवा सुचवण्याचे धाडस मी करणार नाही.

छोट्या कार्यालयासाठी मला झोहो मेल अधिक पटते. कंपनी चेन्नईची आहे, माहिती साठवणारी तिची डेटा केंद्रे भारतातही आहेत, आणि पेटीत जाहिराती नसतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपला ईमेल झोहोवर नेल्याचे जाहीर केले, तेव्हापासून तिची चौकशी आमच्या बाजारातही होऊ लागली. पण माझ्या पसंतीचे कारण वेगळे आहे. पेढीच्या नावाचे स्वतःचे डोमेन (पत्त्यातील @ नंतरचे नाव) घेतले, ज्याला वर्षाला काही शे रुपये लागतात, तर झोहोच्या फुकट योजनेत पाच जणांपर्यंत प्रत्येकी ५ जीबीची पेटी त्या नावावर मिळते. पत्ता पेढीचा राहतो. कारकून नोकरी सोडून गेला तरी त्याची पेटी मालकाच्या ताब्यात राहते. आणि उद्या झोहो आवडली नाही तर बिलबुक न बदलता तोच पत्ता दुसऱ्या सेवेकडे नेता येतो. खिडकी नसलेल्या कंपन्यांच्या बाबतीत व्यापाऱ्याच्या हाती राहणारा हा एकच खरा अधिकार आहे. त्याची किंमतही मोजावी लागते: डोमेनचे नूतनीकरण विसरले की पत्ताच जातो; फुकट योजनेत पत्रे संगणकातल्या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये उतरवण्याची सोय नाही; आणि पत्र खरोखर आपल्याच डोमेनवरून गेले हे पटवणाऱ्या एसपीएफ व डीकेआयएम या नोंदी सुरुवातीलाच नीट बसवल्या नाहीत तर आपली पत्रे दुसऱ्याच्या स्पॅममध्ये जातात. डोमेन घेताना ते वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर न घेता पेढीच्या नावावर घ्यावे, अन्यथा वर सांगितलेली किल्लीची कहाणी नव्याने सुरू होते.

सेवा कोणतीही असली तरी तिला दप्तर समजू नये. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि ही जबाबदारी व्यापाऱ्याची आहे, ईमेल कंपनीची नाही. जीमेल वापरणाऱ्याला गूगल टेकआउट या, आपली माहिती उतरवून देणाऱ्या, सोयीतून सगळी पत्रे एमबॉक्स नावाच्या फाइलीत काढून घेता येतात आणि थंडरबर्ड या फुकट प्रोग्रॅममध्ये ती एका पूरक साधनाच्या मदतीने, नेट नसतानाही वाचता येतात. आमच्याकडे मार्चअखेरची धावपळ ओसरली की हे काम केले जाते. पेटी मोठी असेल तर संग्रह तयार व्हायला काही तास लागतात, कधी दुसरा दिवस उजाडतो, आणि तो उतरवून घेण्याची लिंक साधारण आठवडाभरच चालू राहते. म्हणून ती येताच फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, एकदा उघडून पाहावी आणि मगच पेटीतील जुनी, जड जोडपत्रे पुसून जागा मोकळी करावी.